दुपारी बाराची मध्यरात्र

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मुलुंडमधल्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दुपारी बारा वाजता मध्यरात्र होत असे. ऐंशीनंतरची काही वर्षं हा प्रकार नियमित चालू होता. भूगोलाच्या पुस्तकात त्याची नोंद नाही, हा पुस्तकाचा दोष. आम्ही ती मध्यरात्र उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे, तिच्यात चवड्यांवर चाललो आहोत, आणि एकदा तिच्यात जोरात शिंकल्याबद्दल मी स्वतः मालवणी शिव्या खाल्ल्या आहेत. त्या शिव्या इतक्या रसरशीत होत्या की दुसरी शिंक मी मुद्दाम दिली.

ही रात्र पाडण्याचा अधिकार एकाच माणसाला होता. चाळ त्यांना दादा म्हणायची. मूळचे कणकवलीकडचे. अंगाने काटकुळे, भुवया दाट आणि डोळे कायम लाल. ते डोळे पाहून नवख्या माणसाचा जो समज व्हायचा तो साफ चुकीचा होता, कारण दादा चहाखेरीज कशाला शिवत नसत. आग्रा रोडवर काचेच्या बाटल्या करणारा एक कारखाना होता, तिथे ते बाटल्या तपासायच्या खात्यात होते. मी त्याच कारखान्यात स्टोअरला नुकता चिकटलो होतो. माझी जनरल शिफ्ट, म्हणजे सकाळी जायचं आणि संध्याकाळी माणसासारखं घरी यायचं. दादांची पाळी फिरती. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची, एक आठवडा रात्रीची, की पुन्हा पहिल्यापासून. कारण काय, तर काचेची भट्टी विझवता येत नाही. विझवली तर आतली काच थिजते आणि भट्टी फुटते. नवी भट्टी बांधायला फार खर्च येतो. माणूस फुटला तर दुसरा मिळतो.

रातपाळीच्या आठवड्यात दादा सकाळी घरी यायचे तेव्हा मी गॅलरीत दात घासत उभा असायचो. "ये जेवूक," असं मला म्हणून ते खरोखरच बांगड्याची आमटी आणि भात घेऊन बसायचे. जेवण झालं की वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दाराबाहेर लाल बादली पालथी घालायच्या. बादली पालथी पडली की मजल्यावर रात्र सुरू. मग गॅलरीत कपडे आपटायचे नाहीत, रेडिओ बारीक, पोरांचं क्रिकेट खाली रस्त्यावर. कुकरची शिटी व्हायच्या आत कुकर उतरवायचा. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावरची डाळ दाताखाली करकरायची आणि माझे वडील पहिल्या घासाला दादांच्या नावाने उसासा टाकायचे.

सगळ्यात हाल व्हायचे ते कोळणीचे. जिचा धंदाच आवाजावर, ती पाटी घेऊन दारादाराशी वाकायची आणि चोरीचा माल खपवावा तशी कुजबुजायची, "बोंबील हायेत, ताजे हायेत." खालच्या मजल्यावर पोचली की कोंडलेला आवाज असा सोडायची की कावळे उडायचे. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाली, "तुमच्या त्या दादाला सांग, गप बसून बसून माझा घसा बसला."

मी निरोप पोचवला. दादा म्हणाले, "तिका सांग, माझी रात्र कंपनीची आसा. तक्रार कंपनीकडे करूची."

सूर्यावर त्यांचा विशेष राग. खिडकीला चादर, चादरीवर घोंगडी, फटींत वर्तमानपत्राचे बोळे, तरी कुठून तरी एक कवडसा त्यांच्या पापणीवर येऊन बसायचाच. "ह्या सूर्याचा काय सांगतंस," ते मला म्हणायचे, "तो जन्माचो जनरल शिफ्टवालो. तू आणि तो एकाच खात्यातले." मी संध्याकाळी कामावरून परत आलो की विचारायचे, "काय रे, सुटली दोघांची ड्युटी?"

त्यांचं काम ऐकायला सोपं होतं. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या. दादांनी पाहत राहायचं. तडा, बुडबुडा, वाकडं तोंड दिसलं की बाटली उचलून बाजूला टाकायची. सुट्टीच्या दिवशीही ते खातं त्यांच्या डोळ्यांतून बाहेर जायचं नाही. आमच्याकडे पाणी प्यायला दिलं तर पेला आधी उजेडाकडे धरायचे, स्टीलचा असला तरी. शेजारच्या बारशाला तान्हं मूल हातात दिलं, तर त्याला खिडकीशी नेऊन सावकाश फिरवून पाहिलं आणि आईकडे परत देत म्हणाले, "पास." हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही ती नक्कल पुढे बऱ्याच लग्नांत केली आहे आणि हमखास टाळ्या घेतल्या आहेत.

चाळ त्यांना येडा म्हणायची. आता ऐका, हा एक माणूस नव्हता. आम्हाला तिघे दादा माहीत होते. सकाळच्या पाळीचे दादा हे देवमाणूस. दुपारी घरी येऊन मुलीची वेणी घालणारे, तिला पाढे म्हणायला लावणारे, मला भजीची पुडी आणणारे. दुपारच्या पाळीचे दादा कोणी पाहिलेलेच नव्हते. मुलगी शाळेतून यायच्या आत ते गेलेले, आणि ते यायच्या आत ती झोपलेली. ती त्यांच्यासाठी ताटाखाली अर्धा लाडू ठेवायची. सकाळी तिच्या उशाशी भट्टीजवळून आणलेला हिरव्या किंवा निळ्या काचेचा थेंब असायचा. तिच्याकडे त्या थेंबांचा डबा भरला होता. शेजारच्या पोरी म्हणायच्या, "तुझी मज्जा आहे गं." ती म्हणायची, "घ्या तुम्ही सगळे. मला नकोत."

आणि तिसरे दादा रातपाळीचे. त्यांच्यापुढे जायची हिंमत मांजरसुद्धा करत नसे.

हे सगळं कंपनीला ठाऊक नव्हतं असं समजू नका. कंपनीने एकदा कँटीनमध्ये व्याख्यान ठेवलं. विषय, पाळीचं काम आणि कुटुंबसौख्य. वक्ते मोठे मानसतज्ज्ञ होते. गोड आवाजात म्हणाले, दिवसा झोपताना खोलीत अंधार करावा, झोपण्यापूर्वी कोमट दूध घ्यावं, घरच्यांना शांतता पाळायला सांगावं, मनात वाईट विचार आणू नयेत. रातपाळी संपवून आलेली माणसं समोर बसवलेली. निम्मी त्या आवाजानेच झोपली, त्यामुळे व्याख्यान यशस्वी झालं असंही म्हणता येईल. दादा मात्र उठले.

"साहेब, आमची खोली एक. त्यातच मोरी, त्यातच चूल. घरच्यांनी शांतता पाळायची म्हणजे श्वास घेवचो की नको?"

साहेब हसून म्हणाले, "प्रेमाने सांगितलं की जमतं." मग सगळ्यांना एकेक केळं दिलं. आमचे पर्सोनेल साहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. हे साहेब दुपारी जेवल्यावर केबिनच्या बाहेरचा लाल दिवा लावत. लाल दिवा म्हणजे आत महत्त्वाची चर्चा. ती चर्चा किती खोल जाई ते शिपायाला दाराबाहेर घोरण्यावरून कळत असे. बघा म्हणजे, झोपेचं महत्त्व कंपनीत अजिबातच कळत नव्हतं असं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती प्रसिद्ध गोष्ट घडली. मी संध्याकाळी डबा हलवत घरी येत होतो. दादा गॅलरीत आले, माझ्या हातातला डबा पाहिला, आभाळातला अर्धा उजेड पाहिला आणि म्हणाले, "आज लवकर निघालंस?" मला वाटलं थट्टा. मी म्हटलं, "हो, तुम्ही या मागून." त्यांनी भराभर दात घासले, शर्ट चढवला आणि निघून गेले. रातपाळीचा आठवडा आदल्या दिवशीच संपला होता, दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती. दुपारी झोपलेला माणूस तिन्हीसांजेला जागा झाला आणि त्याला ती पहाट वाटली. गेटवर कार्ड पंच केलं, आत गेले, आणि दुपारच्या पाळीचा माणूस आधीच पट्ट्याशी बसलेला असताना त्याच्या शेजारी उभे राहून बाटल्या तपासू लागले. तो माणूसही इतका पेंगुळलेला होता की त्याने थोडं सरकून जागा दिली. दोघं मिळून बराच वेळ एकाच बाटल्या पाहत होते. सुपरवायझर आला तेव्हा कुठे उलगडा झाला.

सगळा कारखाना हसला. हसण्यासारखंच होतं. कंपनीने मात्र दादांना मेमो दिला, ड्युटी नसताना कारखान्याच्या आवारात अनधिकृत प्रवेश केल्याबद्दल. वाचा पुन्हा. माणसाला सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली हे कळेनासं झालं, आणि त्याच्यावर ठपका आला तो आत घुसल्याचा. या गोष्टीला आता एवढी वर्षं झाली, मी अजून ती हसत हसत सुरू करतो आणि इथवर आलो की माझी कानशिलं तापतात.

त्या दिवसापासून दादांचा उजेडावरचा विश्वास उडाला. झोपेतून उठले की दारात उभं राहून हवेचा वास घ्यायचे. खालच्या गाडीवर वडे तळल्याचा वास आला तर संध्याकाळ, उदबत्तीचा आला तर सकाळ. गणपतीत दिवसभर उदबत्त्या लागायच्या, तेव्हा ते बिचारे गॅलरीतल्या माणसाला धरून विचारायचे, "आता काय चाललाहा?" लोकांना वाटायचं खुशाली विचारतात. लोक म्हणायचे, "बरं चाललंय."

मग ती दुपार आली. रातपाळीचा आठवडा, बादली पालथी. मुलगी शाळेतून आली, तहान लागली होती, माठावरचा पेला तिच्या हातून निसटला. फरशीवर स्टीलचा पेला पडला की त्याचा आवाज किती वेळ गोल गोल फिरत राहतो ते तुम्हाला माहीत आहे. दादा उठले. कोपऱ्यात पाट्यावर वरवंटा होता. तो त्यांनी उचलला आणि मुलीच्या डोक्यावर धरला. त्यांचे डोळे उघडे होते. वहिनींनी मागून मिठी मारून हात धरला तेव्हा ते मुलीला विचारत होते, "कोण तू? कोणाची?"

त्या दिवशी माझी रजा होती. वहिनींची किंकाळी ऐकून मी धावत गेलो तेव्हा वरवंटा खाली पडला होता. दादांनी मुलीची हनुवटी धरून तिला खिडकीशी नेलं होतं, घोंगडी एका बाजूला सारली होती आणि तिचा चेहरा उजेडात डावीकडे, उजवीकडे फिरवून पाहत होते. "तडा नाय ना गेलो?" असं तिलाच विचारत होते. पोर घाबरून "नाही बाबा, नाही बाबा" म्हणत होती. बारशातली नक्कल मी त्यानंतर कधी केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दादा स्वतःचा उजवा हात खाटेच्या दांडीला वहिनींच्या जुन्या लुगड्याने बांधून झोपू लागले. गाठ वहिनींकडून मारून घ्यायचे आणि ओढून पाहायचे. वहिनींनी मला गॅलरीत बोलावलं. शांत बाई, आवाज कधी चढायचा नाही.

"भाऊजी, मला ह्यांची भीती नाही वाटत. ह्यांच्या झोपेची वाटते. जनरल शिफ्ट मिळाली तर ठीक. नाहीतर पोरीला घेऊन मी कणकवलीला आईकडे जाते. ह्यांनीच सांगितलंय, जा म्हणून."

नोकरी सोडा असं सांगायची कोणाची प्राज्ञा नव्हती. दादांचा थोरला भाऊ परळच्या गिरणीतला. संपानंतर घरी बसला होता, आणि त्याचं घरही दादांच्याच पगारावर चालत होतं. तेव्हा मी दादांना घेऊन पर्सोनेल साहेबांकडे गेलो. लाल दिवा विझेपर्यंत बाहेर उभे राहिलो. साहेबांनी ऐकून घेतलं, डोळे चोळले.

"झोप लागत नाही हे कारण चालत नाही हो. उद्या सगळेच येतील. डोक्यावर परिणाम झालाय असं कंपनीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, तर जनरल शिफ्टचा विचार करू."

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "म्हणजे मी येडो आसंय असा सिद्ध करूक होया?"

"हो दादा."

"मग काय कठीण आसा? अख्खी चाळ साक्ष देतली."

मलाही तसंच वाटलं. मी मोठ्या उत्साहात साक्षीदार गोळा करायला निघालो. पहिले गेलो चाळ कमिटीच्या सेक्रेटरींकडे. निवृत्त पोस्टमास्तर. दादांनी एका गणपतीत अशी मागणी केली होती की लाऊडस्पीकर दिवसा बंद ठेवावा आणि ते कामावर गेले की रात्रभर लावावा. तेव्हा याच सेक्रेटरींनी भर सभेत त्यांना ठार वेडा म्हटलं होतं.

"वेडा?" सेक्रेटरी म्हणाले. "छे. कोण म्हणतो?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी तऱ्हेवाईक म्हणालो असेन. अहो, त्यांना मुलगी आहे. उद्या तिच्या लग्नात कोणी म्हणेल, बाप वेडा होता, चाळीने लिहून दिलंय. हे पाप माझ्याकडून नाही व्हायचं."

सगळीकडे हेच. जी चाळ इतकी वर्षं दादांना तोंडावर येडा म्हणत होती, तिला एका दिवसात दादांइतका शहाणा माणूस दुसरा दिसेना. चांगुलपणानेच सगळ्यांनी पाठ फिरवली. कोळीण तेवढी यायला तयार होती. "मी सांगते, एकदम येडा हाय," म्हणाली. पण कारखान्याच्या गेटवर पाटीसकट सोडलं नाही, आणि पाटी कोणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून ती परत गेली.

शेवटी डॉक्टरांपुढे आम्ही तिघंच. दादा, वहिनी आणि मी. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर रातपाळीचे दोन कामगार सहीसाठी थांबले होते, भिंतीला डोकं टेकून. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. चष्मा कपाळावर, समोर अर्धा चहा.

"आज वार कोणता?" त्यांनी दादांना विचारलं.

"तुमचो की माझो?"

"म्हणजे?"

"तुमचो बुधवार लागलो. माझो मंगळवार अजून संपाक नाय. मी झोपाक नाय ना."

डॉक्टर खूश झाले. "विनोदी आहात. म्हणजे डोकं शाबूत आहे."

दादांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला, खिडकीकडे धरला आणि खाली ठेवला. "ह्येच्यात बुडबुडो आसा."

"दृष्टी उत्तम," डॉक्टर म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. मग वहिनींनी सांगायला सुरुवात केली. पेला, वरवंटा, कोण तू म्हणून विचारलं ते. शेवटी दादांची बाही वर केली. मनगटाभोवती लुगड्याच्या गाठीचा वळ होता. डॉक्टर थोडा वेळ त्या वळाकडे पाहत राहिले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. मला वाटलं, लिहिणार. पेन उचललंही होतं.

मग त्यांनी पेन ठेवलं आणि बाकावरच्या दोघांना आत बोलावलं.

"काय रे, तुला दिवसा झोप लागते?"

"नाही साहेब," पहिला म्हणाला.

"घरी चिडतोस?"

"बाई बसल्यात, कसं सांगू."

"सांग."

"बायको माहेरी गेलीय. दिवाळीपासून."

"आणि तू?"

दुसरा जमिनीकडे पाहत होता. "मी दुपारचा देवळाच्या ओट्यावर झोपतो, साहेब. पोरं लहान आहेत. घरात नको वाटतं."

डॉक्टर आमच्याकडे वळले. कोडं सुटल्यासारखा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "बघा. यात वेड कसलं? हे सगळ्यांनाच होतं. नॉर्मल आहे."

वहिनी म्हणाल्या, "मग सगळ्यांनाच लिहून द्या."

यावर डॉक्टर जे बोलून गेले ते सांगायच्या आधी पुढचं सांगून टाकतो, कारण ते वाक्य सांगितल्यावर माझ्याच्याने काही बोलवत नाही. दादांना जनरल शिफ्ट मिळाली नाही. वहिनी आणि मुलगी त्याच महिन्यात लाल एसटीने कणकवलीला गेल्या आणि पोर तिकडेच शिकली. दादा रिटायर होईपर्यंत फिरत्या पाळीत होते. होळीला आणि गणपतीला गावी जायचे, आणि ऐकलं ते असं की तिथे रात्रभर अंगणात खुर्ची टाकून जागे बसायचे, घरात माणसं झोपलेली असायची म्हणून. कंपनीने नंतर कधी तरी त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी मला देऊन टाकलं.

तर वहिनी म्हणाल्या, सगळ्यांनाच लिहून द्या. डॉक्टरांनी एकदा त्या दोघांकडे पाहिलं, एकदा दादांच्या मनगटाकडे, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो बाई, सगळ्यांनाच वेडं ठरवलं तर रात्री त्या भट्टीपाशी उभं कोण राहणार, मी?"